एका दारासाठी नऊ शब्द

४ जून

भाऊजी,

नमस्कार. फोन केला नाही म्हणून रागावू नका. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला चार वाक्यं बोलली की खोकल्याची उबळ येते. एक बहिरा आणि एक मुकी, नुसता तमाशा झाला असता. ताई असती तर मधे बसून तिनं याचं त्याला आणि त्याचं याला ओरडून सांगितलं असतं. तीन वर्षं झाली तिला जाऊन, तरी काही घडलं की बोट अजून तिच्याच नंबरावर जातं.

कारखान्यात काय झालं ते कानावर आलंच असेल. भाज्या गोठवायची जी थंड खोली आहे, तिथल्या नळीतून अमोनिया फुटला. तीन आठवडे झाले. आत तिघी होत्या आणि मी बाहेर, पॅकिंगच्या पट्ट्यावर. दार मी उघडलं. दोघी वाचल्या. तिसरी गेली, आमची घड्याळबाई. त्या खोलीत ना खिडकी ना घड्याळ, पण ही बाई मोटारीच्या घरघरीवरून वेळ सांगायची आणि पाच मिनिटं इकडची तिकडे व्हायची नाहीत, म्हणून घड्याळबाई. बावीस वर्षं आम्ही खांद्याला खांदा लावून मटार निवडले. दार कसं उघडलं ते आत्ता लिहवत नाही. पुढे कधीतरी सांगेन.

आता काम सांगते. कंपनी माझा सत्कार करतेय, पंधरा तारखेला. काचेच्या चौकटीतलं मानपत्र देणार, सगळं इंग्रजीत. त्याआधी एका प्रतीवर 'वाचलं, मान्य आहे' अशी माझी सही पाहिजे म्हणे. मॅनेजर म्हणाला, नुसती पद्धत असते. माझं इंग्रजी तुम्हाला ठाऊक आहे, दारावरच्या 'पुश' आणि 'पुल'पुढे कधी गेलं नाही. झेरॉक्स सोबत पाठवते. यात काय लिहिलंय ते नीट सांगा आणि सही करू का तेही सांगा. तुम्ही म्हणाल तसं करीन.

अक्षराला हसू नका. गॅसनं हात भाजलेत, उजव्याची दोन बोटं अजून पट्टीत आहेत.

तुमची,
भिंगरी


८ जून

प्रिय भिंगरी,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र आधी उभ्यानं वाचलं, मग चष्मा पुसून, बसून वाचलं. तुझ्या बहिणीच्या फोटोसमोरही मोठ्यानं वाचलं. पस्तीस वर्षं मुलांना इंग्रजी शिकवलं, पण हे शब्द घरच्या माणसासाठी वापरलेले पाहायला मिळतील असं वाटलं नव्हतं.

तुझ्यासाठी एकूण नऊ शब्द खर्ची घातलेत. ऐक. 'हिरोइक', म्हणजे हीरोला शोभेल अशी. पडद्यावर गाणी म्हणणारा हीरो नव्हे. जुन्या ग्रीक लोकांचा हीरो अर्धा माणूस आणि अर्धा देव असायचा. 'व्हॅलियंट', पराक्रमी, त्या शब्दाच्या मुळाशी बळ आहे. 'डॉन्टलेस' आणि 'इन्ट्रेपिड' लोक एकाच मापानं मोजतात, पण फरक आहे. डॉन्टलेसला कितीही धाक घाला, ती डगमगत नाही. इन्ट्रेपिडला मुळात थरकाप कशाशी खातात तेच ठाऊक नसतं. 'लायनहार्टेड', सिंहाच्या काळजाची. 'वॉरियर' तुला कळतोच. 'चॅम्पियन' म्हणजे आज जिंकणारा, पण पूर्वी दुसऱ्या कोणाच्या वतीनं मैदानात उतरणाऱ्याला चॅम्पियन म्हणत, आणि तू तेच केलंस. 'स्टॉलवर्ट' माझा लाडका. मूळ अर्थ काहीसा असा, की पायात बसवायच्या लायकीचा. घराचा पाया गं, चपलेचा नव्हे. आणि शेवटी 'टायटन'. टायटन म्हणजे देवांच्याही आधी जन्मलेले, अचाट ताकदीचे. 'टायटनच्या बळानं' असं म्हटलंय तुला!

एक शब्द यात नाही ते बरं झालं. 'व्हिरॅगो'. एके काळी त्याचा अर्थ होता शूर, पुरुषाच्या तोडीची बाई. घसरत घसरत आता उरलाय कजाग बाई. शब्दांनाही वाईट दिवस येतात.

बाकीचा मजकूर म्हणजे प्रसंगाचं वर्णन, त्यात समजावून सांगण्यासारखं काही नाही. ज्यानं कोणी हे लिहिलं त्याचा हात कसलेला आहे, एवढं मी खात्रीनं सांगतो. खुशाल सही कर. ताठ मानेनं स्टेजवर जा आणि घसा जप.

तुझा,
भाऊजी


२ जुलै

भाऊजी,

सही केली. तुम्ही खुशाल म्हणालात म्हणून खुशाल केली. आता ऐका काय झालं.

आधी सत्कार. स्टेजमागे भिंतीएवढा माझा फोटो आणि फोटोला पाठीमागून लाल झगा चिकटवलेला, उडणारा. मी जन्मात लाल झगा घातला नाही. मॅनेजरनं माइकवर नऊच्या नऊ शब्द म्हणून दाखवले. खाली बाया एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या, 'हिरॉईन आली गं हिरॉईन!' सेहेचाळीस वर्षांची, रबरी बूट घातलेली, बोटांना पट्ट्या बांधलेली हिरॉईन. एका शहाण्यानं 'रणरागिणी' अशीही आरोळी ठोकली. तेवढं मी हसण्यावारी नेलं. पण शेवटच्या रांगेत घड्याळबाईची मुलगी बसली होती. तिच्या आईसाठी नऊ सोडा, अर्धा शब्दही कोणी काढला नाही. फक्त 'दुर्दैवी घटना' म्हणाले. बावीस वर्षं राबलेली बाई मेल्यावर घटना झाली.

तेही गिळलं. मग परवा चौकशी लागली. सरकारी अधिकारी आहेत, बाईच आहेत, फार बोलत नाहीत. त्यांनी मला विचारलं, दार का उघडत नव्हतं? मी म्हटलं, बाहेरून कुलूप होतं. लगेच कंपनीचा वकील उठला आणि त्यानं माझं मानपत्र पुढे केलं. म्हणाला, 'या बाईंनी स्वतः सही करून मान्य केलंय की दार बर्फानं अडकलं होतं आणि यांनी ते टायटनच्या बळानं ओढून उघडलं. कुलपाचा यात कुठे उल्लेख आहे?' आणि माझ्याकडे असं बघितलं, जशी मी घड्याळबाईच्या प्रेतावर खोटं बोलतेय.

म्हणून आता लिहिते, जे तेव्हा लिहवलं नव्हतं.

त्या खोलीला आतून उघडायचा दांडा होता, तो दोन वर्षांपूर्वी मोडला आणि कोणी बसवला नाही; तेव्हापासून दार नुसतं ढकललं की उघडायचं. बाया ऊब घ्यायला मधेच बाहेर येतात म्हणून सुपरवायझर बाहेरून कुलूप घालायला लागला. अर्धा तास आत, मग पाच मिनिटं बाहेर, असा त्याचा हिशोब. गॅस फुटला तेव्हा तो सगळ्यांत आधी पळाला. किल्ली खिशात घालून फाटकापाशी डोकी मोजत उभा राहिला. मी दारापाशी पोचले तेव्हा आतून धडका बसत होत्या. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, छातीत कोणी निखारे ओतावेत तशी आग. मी हातगाडीचा लोखंडी दांडा उपसून काढला आणि कडीवर घालत सुटले. टायटनबिटन काही नव्हतं, भाऊजी. मी लहान पोरीसारखी किंचाळत होते आणि माझे घाव निम्मे दारावर पडत होते. किती घातले ते माहीत नाही. मधेच आतल्या धडका थांबल्या. मी घालतच राहिले. कडी तुटली तेव्हा धडका थांबून बराच वेळ झाला होता.

कुलूप नसतं तर त्या तिघी दार ढकलून स्वतःच्या पायांनी बाहेर आल्या असत्या. आज शिफ्ट संपवून घरी जात असत्या. मला कोणी हीरो म्हटलं नसतं, आणि देवाशप्पथ, मला ते चाललं असतं.

जगलेल्या दोघींनी दवाखान्यात मला काय सांगितलं ते ऐका. घड्याळबाईनं धुण्याच्या बादलीत तिघींचे ॲप्रन भिजवले, या दोघींना जमिनीवर पालथं पाडलं, दाराखालच्या फटीला त्यांची तोंडं लावली, वरून ओले ॲप्रन टाकले. मग स्वतः उभी राहून दाराला धडका देत राहिली. फट दोघींपुरतीच होती. चौकशीत मात्र दोघी मुकाट बसल्या. एकीचं मूल अंगावर पितंय, दुसरीचा नवरा घरी पडून. नोकरी कोण घालवेल?

गॅस फुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी कुलूपही नव्हतं आणि कडीही नव्हती. दारसुद्धा नवं. उरला फक्त कागद. त्या कागदावर लिहिलंय 'अडकलेलं', आणि खाली माझी सही.

तुम्हाला तो शब्द दिसला नाही का? पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलंत. नऊ शब्दांची साल काढून, फोडी करून मला भरवल्यात आणि दहावा तेवढा कुठे सांडला?

भिंगरी


९ जुलै

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र वाचून मन विषण्ण झालं. तू फार सोसलंस. पण रागाच्या भरात माणूस आपलंच नुकसान करून घेतो, म्हणून वडीलकीच्या नात्यानं चार शब्द लिहितो.

मूळ शब्द 'जॅम्ड' आहे. त्याचा अर्थ जरा सैल आहे. दार बर्फानं बसलं तरी जॅम्ड, आणि काटेकोरपणा बाजूला ठेवला तर कुलपामुळे उघडत नसलं तरी ते अडकलेलंच की. त्यामुळे मजकूर अगदी खोटा आहे असं म्हणता येत नाही. लिहिणाऱ्याचा हेतू तुझा गौरव करण्याचा होता, हे तर स्पष्टच दिसतं.

मॅनेजर माझा जुना विद्यार्थी. मुलगा वाईट नाही. निबंधात नेहमी पहिला असायचा. वरून दडपण असेल त्याच्यावर. गेलेली बाई काही परत येणार नाही. तुला अजून बारा वर्षं तिथंच काढायची आहेत. लोक मान देतायत, तो घे आणि शांत हो. तुझी बहीणही हेच म्हणाली असती.

औषध वेळेवर घे.

तुझा,
भाऊजी


१३ जुलै

भाऊजी,

माझ्या बहिणीला यात ओढू नका. ती काय म्हणाली असती ते मला तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिनं तुमचं हे पत्र चुलीत घातलं असतं आणि तुम्हाला दोन दिवस उपाशी ठेवलं असतं.

काल पुन्हा बोलावलं होतं. मी अधिकारीबाईंना सांगितलं की मला इंग्रजी येत नाही, मजकूर कंपनीचा आहे, मला फसवून सही घेतली. त्यावर तुमचा निबंधात पहिला येणारा मुलगा उभा राहिला. अगदी गोड आवाजात म्हणाला, 'मॅडम, मजकूर आम्ही लिहिलेलाच नाही. तो यांच्या सख्ख्या भाऊजींनी लिहिलाय. ते इंग्रजीचे निवृत्त शिक्षक आहेत. घरच्या माणसानं लिहिलेलं यांना माहीत नाही असं कसं होईल?'

मी म्हटलं, खोटं. भर खोलीत ओरडले, खोटं बोलतोय हा माणूस! त्यानं तुमच्या हातचा कागद काढून दाखवला. तुमचं ते वळणदार अक्षर मी मैलभरावरून ओळखीन. ताईला तुम्ही पाठवायचात ती पत्रं मीच आधी उघडून वाचायची.

तोंड फोडून घेतल्यासारखी बसले. वकील हसला. घड्याळबाईची मुलगी माझ्या शेजारून उठली आणि पलीकडच्या बाकावर जाऊन बसली. तिला वाटलं, मीही त्यांच्यातलीच.

'लिहिणाऱ्याचा हात कसलेला आहे' म्हणे! स्वतःचीच पाठ थोपटत होतात, तीही माझ्या पत्रात, माझ्या जळक्या हातांवर उभं राहून. मी तुम्हाला विचारलं होतं, यात काय लिहिलंय? सख्खी माणसं म्हणून विचारलं. आणि तुम्ही मला पाया काय, सिंह काय, अर्धे देव काय, मेळ्यात नेल्यासारखं फिरवून आणलंत, म्हणजे दाराकडे माझं लक्ष जाऊ नये.

त्या दिवशी एक शब्द फुकट शिकवलात ना, व्हिरॅगो? तो मला द्या. बाकीचे नऊ परत घ्या. कजाग बाई काय असते ते आता सगळ्यांनाच कळेल, पहिल्यांदा तुम्हाला.

उत्तर खरं असेल तरच पाठवा. नाहीतर पोस्टमनला त्रास देऊ नका.


२९ जुलै

भिंगरी,

सोळा दिवस लागले. सात पत्रं लिहिली आणि फाडली, कारण प्रत्येकात मी शेवटी बिचारा ठरत होतो.

मॅनेजर मे महिन्याच्या अखेरीस माझ्याकडे आला होता. गाडी दाराशी उभी केली, शेजारीपाजारी बघत होते. म्हणाला, 'सर, तुमच्या मेहुणीचा सत्कार आहे, आणि असं इंग्रजी तुमच्याशिवाय आता लिहितं कोण?' निवृत्त झाल्यापासून मला कोणी काही लिहायला सांगितलं नव्हतं. माझी छाती फुगली. तुला आधी सांगू नका, आश्चर्याचा धक्का देऊ, असं तो म्हणाला आणि मीही मान डोलावली.

आता ऐक, आणि हे वाचून तू पुन्हा माझं तोंड पाहिलं नाहीस तरी मी तक्रार करणार नाही. कुलूप मला माहीत होतं. त्यानंच त्या दिवशी बोलण्याच्या ओघात सांगितलं, 'दाराला कुलूप होतं सर, बाईनं तोडून काढलं.' मी पहिल्या मसुद्यात तसंच लिहिलं, तिनं कुलूप तोडलं. दोन दिवसांनी ड्रायव्हरबरोबर कागद परत आला. कुलपाखाली लाल रेघ आणि शेजारी त्याच्या हातचं, 'सर, लॉक नको, जॅम्ड करा. ताकद जास्त दिसेल असं काहीतरी घाला.'

म्हणून टायटन घातला. तो आधी नव्हता.

रेघ बघून माझ्या मनात प्रश्न आला होता. का नको? पण विचारलं असतं तर त्यानं काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मग मला ते ठाऊक आहे असं झालं असतं. म्हणून विचारलं नाही. उलट टायटन सुचला म्हणून त्या दुपारी खूश होतो. तुझं जूनचं पत्र आलं तेव्हा दाराचं वाक्य मी मुद्दाम गाळलं. ९ तारखेला 'जॅम्ड'चा अर्थ सैल आहे असं जे लिहिलं, ते एखाद्या नववीच्या मुलानं लिहिलं असतं तर मी त्याला वर्गाबाहेर उभं केलं असतं.

तो लाल रेघेचा कागद माझ्याकडे आहे. जुने मसुदे मी टाकत नाही; तुझी बहीण त्यावरून रोज भांडायची. काय करू सांग. पोस्टानं पाठवू?

भाऊजी


२ ऑगस्ट

पोस्टानं नको. हरवला म्हणायला सगळे टपलेलेच आहेत. स्वतः घेऊन या. २१ तारखेला सकाळी अकराला, कामगार कचेरी, दुसरा मजला, जिन्याला लागून पहिली खोली.

माझ्या घरी उतरू नका. त्या दिवशी माझ्याशी बोलायलाही येऊ नका. माझा माझ्या तोंडावर भरवसा नाही.

आणि तिथं शब्दांची मुळं सांगत बसू नका.


३० ऑगस्ट

भाऊजी,

त्या दिवशी तुम्ही कागद दिलात, उत्तरं दिलीत आणि मागे न बघता जिना उतरून गेलात. ते बरंच केलंत. पण तुम्हाला ऐकू येत नाही, त्यामुळे तुमच्या पाठीमागे काय काय झालं ते तुम्हाला कळलेलं नाही. ते कळवायला म्हणून लिहितेय. गोडी झाली असं समजू नका.

तुम्ही आत आलात तेव्हा मॅनेजर वकिलाच्या कानात म्हणाला, 'म्हातारा बहिरा आहे, काही होत नाही.' मी मागच्याच बाकावर होते. मग वकिलानं तुम्हाला विचारलं, कुलूप ठाऊक होतं तर तसं लिहिलं का नाही? तुम्ही 'काय?' म्हणालात. त्यानं पुन्हा विचारलं, तुम्ही पुन्हा 'काय?' लोक हसायला लागले. तो मुद्दाम पुटपुटत होता, भाऊजी. दर खेपेला आवाज आणखी खाली. शेवटी अधिकारीबाईंनी प्रश्न कागदावर लिहून तुमच्यापुढे सरकवला. तुम्ही वाचलात आणि एवढ्या मोठ्यानं बोललात की बाहेरचा शिपाई आत डोकावला. 'हावरटपणामुळे! मला माझं इंग्रजी चौकटीत बघायचं होतं.'

मी खरं सांगते, तेव्हाही मला तुमची कणव आली नाही. बरं वाटलं. लाज वाटलेली माणसाच्या चेहऱ्यावर दिसते कशी ते तीन महिन्यांत मी पहिल्यांदा बघत होते.

मग तुम्ही लाल रेघेचा कागद दिलात. बाईंनी तो दोनदा वाचला आणि मॅनेजरला विचारलं, 'हे अक्षर तुमचं?' तो म्हणाला, 'मला बघावं लागेल.' त्या म्हणाल्या, 'बघा की. तुमच्यासमोरच आहे.' तो बघत बसला. तेवढ्यात तुम्ही निघालात. तुम्ही दारातून बाहेर पडलात आणि इकडे ती तान्ह्या मुलाची आई उभी राहिली. कोणी तिचं नावसुद्धा घेतलं नव्हतं. म्हणाली, 'या म्हाताऱ्या गुरुजींना त्यांची लाज चारचौघांत सांगता येते, तर मी काय तोंड शिवून घेतलंय?' आणि तिनं सगळं सांगितलं. दांडा कधी मोडला, कुलूप कोणी घातलं, ॲप्रन कोणी भिजवले. घड्याळबाई धडका देताना मधून मधून खाली वाकून या दोघींना वेळ सांगत होती म्हणे. 'चार मिनिटं झाली, आता येतीलच उघडायला.' 'सहा झाली, श्वास सावकाश घ्या.' आठपर्यंत तिनं सांगितली. मग सांगितली नाही.

हे मलाही माहीत नव्हतं. दवाखान्यात त्यांनी एवढं सांगितलंच नव्हतं. मी बाकाची कड धरून बसले. दुसरीही उठली मग, रडतच, आणि तेच म्हणाली.

घड्याळबाईची मुलगी इतका वेळ खाली बघत होती. ती एकदम उठली आणि मॅनेजरच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. आता कानफटात ठेवून देते असं सगळ्यांना वाटलं. शिपाई पुढे झाला. तिनं हात नाही उचलला. म्हणाली, 'माझ्या आईनं आठ मिनिटं मोजली. तुम्ही किती मोजलीत? किल्ली फाटकापासून दारापर्यंत आणायला किती लागतात?' सुपरवायझर कोपऱ्यातून बोलून गेला, 'दीड मिनिट.' त्याला कोणी विचारलं नव्हतं. वकिलानं त्याचा हात ओढला, पण बाईंनी लिहून घेतलं.

निकाल अजून लागायचा आहे, पण अहवाल आला. 'दार बाहेरून कुलूपबंद होते' असं पहिल्याच पानावर आहे. मॅनेजर आणि सुपरवायझर दोघांवर गुन्हा नोंदवलाय. खटला किती वर्षं चालेल कोण जाणे. वकील तोच आहे आणि तोंडाळ आहे. मी प्रत्येक तारखेला जाणार. खोकत जाईन, पण जाईन. कंपनीनं मानपत्र परत मागितलं, म्हणे मजकुरात 'दुरुस्ती' करायचीय. मी सांगितलं, ते आता पुरावा आहे, सरकारकडे मागा.

घड्याळबाईची मुलगी काल घरी आली होती. त्या दिवशी बाक बदलला त्याबद्दल काही बोलली नाही, मीही काढलं नाही. बराच वेळ बसली. जाताना तुमच्याबद्दल विचारलं, 'ते तुमचे गुरुजी आईबद्दल काही लिहितील का? आपल्या भाषेत, साधंच. तिच्या खोलीत लावायला.' मी म्हटलं, विचारते. तर विचारलं. लिहिलंत तर आधी मला दाखवा. मी वाचेन, मग ती वाचेल, मग त्या दोघी वाचतील. चौघींपैकी एकीलाही एखादं वाक्य खोटं वाटलं तर पुन्हा लिहायचं. वर्ष लागलं तरी लिहायचं. आणि त्यात शूर हा शब्द घालायचा नाही. तिनं काय केलं तेवढं लिहा.

माझा राग गेलेला नाही. तो कधी जाईल ते मला माहीत नाही आणि तुम्हीही विचारू नका. पण छातीच्या तपासणीसाठी डॉक्टरांनी तुमच्या गावच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलंय, १४ तारखेला. दोन दिवस राहावं लागेल. लॉजमधल्या खाटेवर झोपायला मी काही परकी नाही, तुमच्याकडेच उतरणार. ताईची खोली झाडून ठेवा. स्वयंपाक मी करणार नाही. शिका नसेल येत तर. जेवताना एकमेकांशी बोललंच पाहिजे असंही नाही.

गाडी सकाळी साडेसातला पोचते. न्यायला या. पिशव्या उचलणं माझ्या हातांना अजून जमत नाही.

भिंगरी